पॉलिअ‍ॅनिलिन वाढवण्याआधी जाळीचा रंग बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. पीसीएलमध्ये (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, शरीरात हळूहळू विघटित होणारं प्लास्टिक) पॉलिअ‍ॅनिलिन हे वीजवाहक पॉलिमर मिसळून इलेक्ट्रोस्पिनिंगने (विजेच्या दाबाने द्रावणाचे बारीक तंतू कातून) पेशी वाढवण्यासाठी जाळी केलीत, कोरडी असताना वहन छान आलं, पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवासारख्या क्षारांच्या द्रावणात) दोन दिवसांत कोसळलं. आता पॉलिअ‍ॅनिलिन दुप्पट करू का, आणि प्रकल्पाच्या नावात ‘जैवविघटनशील’ लिहू का, असं विचारलंय.

दुप्पट करू नका. जाळी पीबीएसमध्ये हिरवी घातली आणि निळसर निघाली ना? मग कारण तिथेच आहे. पॉलिअ‍ॅनिलिनचं हिरवं रूप, एमराल्डिन सॉल्ट, आम्लाच्या जोरावर विद्युतवाहक असतं. पीबीएसच्या ७.४ पीएचला ते आम्ल सुटतं आणि उरलेला निळा बेस रोधक असतो. शरीरातही पीएच जवळपास तेवढाच, म्हणजे चूक तुमच्या हाताची नाही, पदार्थाच्या निवडीची आहे. प्रमाण वाढवलंत तर पेशींच्या माध्यमात आम्ल जास्त उतरेल, तंतू ठिसूळ होतील आणि वहन पुन्हा कोसळेलच.

मी असतो तर नुसत्या पीसीएलची जाळी कातून तिच्यावर पायरोल आणि फेरिक क्लोराइडच्या थंड द्रावणात पॉलिपायरोल या दुसऱ्या वीजवाहक पॉलिमरचा पातळ थर चढवला असता. उदासीन पीएचला तो जास्त टिकतो, कायमचा नाही. पायरोल मात्र ताजं ऊर्ध्वपातित घ्या, तपकिरी पडलेली बाटली नको. १९९७ मध्ये श्मिट, लँगर आणि सहकाऱ्यांनी पॉलिपायरोलच्या फिल्मवर चेतापेशींसारख्या वाढणाऱ्या पीसी-१२ पेशींना १०० मिलिव्होल्ट दिले, तेव्हा त्यांचे चेतातंतू जवळपास दुप्पट लांब वाढले होते.

आता नावाचा मुद्दा, आणि इथे मला कळकळीने सांगायचंय. पॉलिअ‍ॅनिलिन काय, पॉलिपायरोल काय, शरीरात विघटित होत नाही. विघटित होतं ते पीसीएल, तेही दोन-तीन वर्षांत. माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या खडखडाटात गेलं, म्हणून तिथलंच उदाहरण सुचतं: सूत विरून जावं आणि रंगाची पूड मागे उरावी, तसं हे. ती पूड रुग्णाच्या शरीरात राहणार आहे. म्हणून नावात ‘विघटनशील आधारावरील वाहक थर’ असं लिहा. खरंच सगळं जायला हवं असेल तर अ‍ॅनिलिनचे ट्रायमर किंवा टेट्रामर (तीन-चार एककांचे छोटे तुकडे) एस्टर बंधांनी जोडतात. बंध तुटले की उरणारे तुकडे इतके लहान असतात की भक्षक पेशी ते गिळतात किंवा मूत्रपिंडातून ते बाहेर पडू शकतात. पण ते संश्लेषण एमएस्सीच्या एका सत्रात बसणारं नाही.

मोजमापाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ओल्या जाळीवर मल्टीमीटरचे दोन प्रोब टेकवले की बहुतेक वेळा पीबीएसच मोजलं जातं. त्याचं स्वतःचं वहन मीटरला सुमारे दीड सीमेन्स आहे! जाळी डीआयोनाइज्ड पाण्यात खळबळून, वाळवून चार प्रोबने (दोनांतून प्रवाह, दोनांवर विभवांतर) मोजा. तुलनेसाठी शेजारी नुसत्या पीसीएलची जाळी तशीच भिजवून, वाळवून मोजा.

आणि उन्हाळ्यात जाळ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात माझी एक अख्खी बॅच अशीच चिकटून पापुद्रा झाली होती. कातायचं कामही सकाळी उरका, दुपारच्या कोरड्या उन्हात क्लोरोफॉर्म सुईच्या तोंडाशीच वाळतं.

नुसत्या पीसीएलचे आकडे आले की इथे टाका, मग पेशींच्या चाचणीचं बोलू.