चेक इंजिनची लाईट लागलीय, गॅरेजवाल्यानं स्कॅन केलं तर कोड पी०१७१ आलाय, ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणतोय, बदलू का?

थांबा भाऊ, लगेच नको. तुम्ही कोड पी०१७१ लिहिलाय, त्याचा अर्थ एवढाच की मिक्श्चर लीन आहे, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर गेला असं त्यात कुठंच नाही, उलट ही चुगली धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या या सेन्सरनंच केलीय आणि आपण त्यालाच उपटून टाकायला निघतो. मी पण हेच केलंय, साडेतीन हजार घातले आणि बारा-तेरा दिवसांत लाईट परत हजर.

मग वैतागून आठशे रुपयांचं ब्लूटूथवालं ईएलएम३२७, म्हणजे कोड वाचायचं छोटं स्कॅनर, मागवलं. स्टेअरिंगखाली सोळा पिनचं सॉकेट असतं त्यात खोचायचं आणि मोबाईलवर ॲप. कोड वाचून सोडू नका, लाईव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम, गाडीचा इंजिन कॉम्प्युटर, आपल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतंय तो आकडा. शॉर्ट टर्म सारखा हलतो, लाँग टर्म सावकाश सरकतो, दोन्हीची बेरीज १० च्या आत असली की सहसा काळजी नसते. माझी आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, अधिक ५-६ च, म्हटलं सगळं ठीक आहे की, पण मग मोबाईल बायकोच्या हातात दिला आणि यवतेश्वरचा घाट चढायला लागलो तर दोन वळणं झाली नाहीत तोवर ती म्हणाली अहो हे २२ झालंय. म्हणजे गाडीला जोर लागला की पेट्रोल पुरत नव्हतं. दुसऱ्या फिटरकडं प्रेशर गेज लावलं, दाब कमी, टाकीतल्या पंपाचा फिल्टर चोक!

उलट आयडलला ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला उतरत असेल तर हवा कुठनं तरी आत शिरतीय, होज आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा. मॅप सेन्सरवाल्या (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर) गाडीत हे इतकं स्वच्छ दिसत नाही, तिथं बऱ्याचदा आयडलच चढलेलं सापडतं. आणि मॅपवरनं आठवलं, किल्ली ऑन इंजिन बंद असताना साताऱ्यात तो ९३ किलोपास्कलच्या आसपास दाखवतो, महाबळेश्वरला ८६, उंचीवर हवेचा दाबच कमी असतो, तेव्हा मुंबईवाल्याच्या व्हिडिओत १०० दिसला म्हणून आपला सेन्सर बाद समजू नका.

तरी ऑक्सिजन सेन्सरवर संशय असेलच तर इंजिन गरम करून पुढच्या, म्हणजे इंजिनजवळच्या, सेन्सरचं व्होल्टेज बघा, साध्या प्रकारचा असेल तर ०.१ ते ०.९ मध्ये सारखं नाचायला पाहिजे. नाचतंय तर हात लावू नका. मागचा शांतच असतो, त्याला बघून घाबरू नका.

गॅरेजवाल्यानं कोड पुसलाय का ते आधी विचारा, कारण पुसला की लाईट लागली त्या क्षणाचे आकडे, म्हणजे फ्रीज फ्रेम, ते पण जातात, मग लाईट परत लागेपर्यंत गाडी चालवत बसायचं. फक्त लाईट लुकलुकत असेल तर चालवू नका, ते मिसफायरचं लक्षण असतं आणि त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो, जो सेन्सरपेक्षा लई महाग आहे.