नाही म्हणायचं असेल तर रांगेत शिरायच्या आधी म्हण

तुझी पोस्ट काल रात्री वाचली. आधी हसू आलं, मग झोपच उडाली. लग्नाला सात महिने झालेत, सासरची चौदा माणसं शिरपूरहून खोपोलीला इमॅजिका या राइड्सच्या पार्कात निघालीत, तुझे यात्रेतला पाळणा बघूनच हातपाय गार पडतात, आणि त्याहून मोठी धास्ती म्हणजे सगळ्यांदेखत 'भित्री' ठरण्याची. तापाचं निमित्त करून घरी राहू का, असं विचारलंयस. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. मी अमळनेरची. सोळा वर्षांपूर्वी तुझ्याच जागी होते.

ताप आणू नकोस. पुढच्या सहलीलाही तोच ताप आणावा लागेल.

माझं काय झालं ते ऐक. पार्क राज्याबाहेरचं होतं, नाव घेत नाही. आम्ही अकरा जण. नंदोईंनी सगळ्यांच्या पर्सा आणि फोन एका लॉकरमध्ये टाकले, चावी त्यांच्या खिशात. मीही फोन दिला. "माझा राहू द्या" म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मग मोठ्या राइडची रांग. लोखंडी कठड्यांमधून वळणं घेत घेत पाऊण तास. डोक्यावरून गाडी गेली की एकदम पंचवीस-तीस माणसांची किंकाळी, आणि आपण चार पावलं पुढे. जेठांचा मुलगा म्हणत होता, "काकू, आपण पहिल्या सीटवर!" मी हसत होते. आतून तोंडाला कोरड पडलेली.

वीसेक माणसं पुढे उरली तेव्हा मागच्या एका अनोळखी मुलीला "अभी आती हूँ" म्हटलं आणि कठड्याखालून निसटले. घरच्या कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. सगळे याच वाटेने परत येतील, तेव्हा चपलेचा अंगठा तुटला म्हणून सांगू, असा बेत होता.

हीच ती चूक. राइडची आत जायची वाट आणि बाहेर यायची वाट बहुतेक ठिकाणी एक नसते. उतरलेली माणसं पलीकडे निघतात, बऱ्याचदा फोटोच्या काउंटरवरून नाहीतर दुकानातून. मी इकडे उभी, ते तिकडे. त्यांना वाटलं मी बाथरूमला गेले, मला वाटलं ते दुसऱ्यांदा बसले. सव्वादोन तास! फोन नाही, पैसे नाहीत, पाठ असलेला नंबर एकच, चोपड्याला माहेरच्या लँडलाइनचा.

शेवटी मदतीच्या काउंटरवर गेले. तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "बच्चा खोया है?" म्हटलं, मीच. त्याने शेजारच्याला बोलावून ते पुन्हा वदवून घेतलं. मी हळू आवाजात सांगितलं की त्या राइडच्या बाहेरच्या दाराशी कुणाला तरी पाठवा, हिरव्या लुगड्यातल्या सासूबाई आहेत, लगेच ओळखू येतील. ते त्यांचं काम नव्हतं म्हणे. मग बाजूच्या फोनवरून एक फोन करू द्या म्हटलं, तर तो फक्त आतल्या कामाचा. आणि मला न विचारता त्याने माइक घेतला. अख्ख्या पार्कात माझं नाव, आडनाव, गाव, आणि पुढे "घबराकर लाइन से निकल गई हैं". तीनदा. घाबरले हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता. लाजाळू माणसाला मदत कशी करू नये, याचा धडा द्यायचा तर त्या माणसाला बोलवावं.

सासूबाई रडत आल्या. "कथा गई व्हती व माय तू?" (कुठे गेली होतीस गं) एवढंच म्हणाल्या. बाकीच्यांनी मात्र सोडलं नाही. पुढे कुठल्याही लग्नाला गाडीत बसताना कुणीतरी म्हणायचंच, "हिले मोजी ल्या रे भो!" म्हणजे, हिला मोजून घ्या रे. आज लिहिताना मलाही हसू येतंय, पण त्यानंतर चार वर्षं मी आमच्या सखाराम महाराजांच्या यात्रेला गेले नाही. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरते, घरापासून दहा मिनिटं. रथ दारावरून बघायचा आणि घरात. त्या काउंटरवाल्याला याचा पत्ताही नसेल.

म्हणून माझं ठाम मत (पटलं तर घे): भीती लपवायच्या धडपडीतच सगळा घोळ होतो. चौदा जणांना सांगायची गरज नाही, एकाला सांग. नवऱ्याला, तेही निघायच्या आदल्या रात्री, भांडण नसताना. "मी अमुक तीन गोष्टींत बसेन, बाकी वेळी बॅगा सांभाळेन" असं आकड्यात सांगितलं की समोरचा ओढाताण करत नाही. नुसतं "मला भीती वाटते" म्हटलं की प्रत्येक जण समजूत घालायला येतो. आणि चौदा जणांत बॅगा सांभाळणारं माणूस देवासारखं वाटतं, बघच.

रांगेत शिरायच्या आधी बाहेर उभी राहून दोन-तीन फेऱ्या बघ. घड्याळ लाव. बहुतेक मोठ्या राइडचा खरा जोराचा भाग दोन-तीन मिनिटांत संपतो. उतरणाऱ्यांचे चेहरेही बघ. समज रांगेत शिरलीस आणि अगदी गाडीपाशी पोचल्यावर धीर सुटला, तर सीटवरचा अडकवायचा दांडा खाली यायच्या आत तिथल्या कर्मचाऱ्याला "बसायचं नाही" एवढंच म्हण. ते पलीकडच्या बाजूने सोडतात, रोज अनेक जण तसे जातात. उलटं दोनशे माणसांतून "जरा जाऊ द्या" करत येण्यापेक्षा ते कितीतरी बरं. फक्त तेव्हा आपल्या माणसाला सांगूनच जा. माझ्यासारखं करू नकोस.

इमॅजिकाचं म्हणशील तर भाच्यांबरोबर जाऊन आलेय. नायट्रो या राइडला पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळतात आणि पाच वेळा उलटं होतं. तू खालूनच हात हलव. डीप स्पेस अंधारात पळते, वळण कधी येणार ते दिसत नाही. पण माझ्या मते लाजाळू माणसाने खरं सांभाळायचं ते सलीमगढ. तिथे आपण पायी चालत जातो आणि भुताच्या वेशातली जिवंत माणसं अंगावर येतात. राइडमध्ये निदान कुणी तुझ्याकडे बघत नाही. उलट 'अलिबाबा'मध्ये बसून बंदुकीने नेम धरायचा असतो, हाताला काम असलं की पोटातला गोळा विसरायला होतो. 'आय फॉर इंडिया'त पाय अधांतरी असतात पण समोर पडद्यावर देश वरून दिसतो, मला तर तिथून उठावंसं वाटेना. उंचीचीच भीती असेल तर आधी विचार कर.

गाडीसारख्या राइडमध्ये मधला डबा धर. पुढून सगळं दिसतं आणि शेवटच्या डब्याला उतारावर झटका जास्त बसतो. यात्रेतल्या त्या झुलणाऱ्या नावेचंही तेच, टोकाला पोट हलतं, मध्ये कमी. ओरडावंसं वाटलं तर ओरड, श्वास कोंडून ठेवू नकोस. मोठ्या उतारावर कॅमेरा असतो आणि तुझा चेहरा नंतर काउंटरवर झळकतो. नंदोई फोटो विकत घ्यायला निघाले तर आधीच पुढे चालू लाग. स्टेजवरच्या कार्यक्रमात पहिली रांग आणि कडेची खुर्ची टाळ, माइकवाला तिथूनच माणसं उचलतो.

काही जण सांगतील की आधी सारंगखेड्याच्या यात्रेत पाळण्यात बसून सराव कर. मला नाही पटत. पार्कातली राइड दर वेळी तेवढीच चालते. यात्रेतला पाळणेवाला बायकांची किंकाळी ऐकली की दोन फेऱ्या वाढवतो. भीती मोडायला मोजता येणारी गोष्ट हवी.

मी डॉक्टर नाही. दिवस गेले असतील, हृदयाचं, मानेचं, पाठीचं दुखणं असेल तर बसूच नकोस, तिथे पाटीही असते. बाजारात, बँकेतही अशीच छाती धडधडत असेल तर ते राइडचं प्रकरण नाही, डॉक्टरांना दाखव. रात्रभर प्रवास करून, भरीत-पुरी हाणून लगेच बसायचं नाही, आणि अगदी उपाशीही नाही. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारीही शाळांच्या सहली असतात, त्यामुळे 'सोमवारी गर्दी नसते' यावर विसंबू नकोस.

आणि फोन लॉकरात द्यायचा नाही. चेनचा खिसा असलेला कुर्ता घाल, राइडवर बसशील तेव्हाच नवऱ्याकडे दे. नवऱ्याचा नंबर कागदावर लिहून त्याच खिशात ठेव, मी अजून ठेवते. ओढणी घेऊ नकोस, चाकात अडकते. सासूबाई ओढणीवरून काही म्हणाल्या तर अमळनेरच्या एका मावशीने सांगितलंय म्हण, नाव विचारलं तर 'हिले मोजी ल्या'वाली म्हण.