वजनकाट्यावर बसणाऱ्या मुलास

चि. बाळास,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. तरुण संघाच्या शिबिरातून आल्यापासून तू पहाटे उठून प्रार्थना करतोस, हे आईनं आधीच सांगितलं होतं. गणपतीत शेजारच्या काकूंनी आणलेला प्रसाद तू दारातूनच परत केलास, तोही साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, हेही तिनंच सांगितलं. आता तू विचारतोस, यात माझं काय चुकलं?

प्रसाद न घेणं चुकलं असं मी म्हणणार नाही. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, बाजारात मिळतं ते खुशाल खा, चौकशा करत बसू नका. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्याखातर खाऊ नका. म्हणजे न खाण्यातसुद्धा विचार समोरच्याचा. तू विचार केलास तो स्वतःच्या शुद्धपणाचा. काकूंना आत बोलावून, चहा देऊन, हात जोडून नाही म्हणता आलं असतं. आपली जुनी माणसं असंच करत आली, म्हणून तर नाताळात त्याच घरांतून आपल्या फराळाची वाट बघतात.

आस्था पौलाला कुणी शिकवायला नको होती. ख्रिस्तावरच्या विश्वासापायी स्तेफनावर दगड पडत होते तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रं याच्याच पायाशी ठेवलेली होती, आणि आपण देवाचं काम करतोय अशी त्याची खात्री होती. पुढे रोमकरांस पत्रात आपल्याच लोकांविषयी तो लिहितो की त्यांना देवाविषयी आस्था आहे, पण ज्ञानाला धरून नाही. यात टिंगल नाही. स्वतः त्यातून गेलेल्या माणसाचं बोलणं आहे ते.

आता तुझ्या नोकरीचं. पत्रात त्याविषयी एकच ओळ आहे, मला मात्र तेच मोठं वाटतं. चिकोडीकडच्या साखर कारखान्यात तू वजनकाट्यावर बसतोस, आणि गळीत हंगाम तोंडावर आलाय. ‘काटा मारतात’ हे वाक्य या उसाच्या पट्ट्यात ऐकलं नाही असा शेतकरी शोधूनही सापडायचा नाही. तू मारणार नाहीस हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्यानं भागत नाही रे. गाडी चढायच्या आधी आकडा शून्यावर आहे ना, हे तिच्या मालकाला दाखव. रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन मागच्या खेपेचंच उतरवून घेऊ नकोस, दर वेळी नव्यानं कर. 2024-25 च्या हंगामात केंद्राचा उसाचा दर 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलमागे 340 रुपये होता. खेपेला एक क्विंटल इकडचं तिकडे झालं तरी कुणाची तरी दिवसाची मजुरी गेली म्हणून समज.

आणि आपल्याकडची खास गोष्ट. रायबागचा माणूस कन्नडमधून विचारतो म्हणून त्याला ताटकळत ठेवू नकोस, आणि निपाणीचा मराठी बोलतो म्हणून ‘आपला माणूस’ करून रांगेतून पुढे घेऊ नकोस. आकडे तरी कन्नडमधून सांगायला शीक, फार नाहीत ते. सीमाप्रश्नावर तुझं मत काय असेल ते असू दे. काट्यावर त्याला जागा नाही.

आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायातले व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळत होते, हे लक्षात घे. दुकान बंद ठेवून बसले होते बिचारे, आणि मनात एकच, हा दिवस कधी संपतो आणि खोट्या तराजूनं धान्य कधी विकतो. रविवारी तू पुढच्या बाकावर बसतोस याचा मला आनंदच आहे, पण तुझी उपासना मी सोमवारच्या पावतीवर बघणार.

उद्या वरून कुणी सांगितलं की आकडा थोडा खाली लिही, तर वचनं ऐकवत बसू नकोस. ‘साहेब, माझ्या सहीनं हे होणार नाही’ एवढं पुरे. नोकरी जाऊ शकते. देव लगेच दुसरी देईल असं मी तुला सांगणार नाही, कारण तसं वचन मला कुठे दिसलेलं नाही. म्हणून आईबाबांशी आजच बोलून ठेव.

बाबा प्रार्थनेला बसत नाहीत म्हणून त्यांच्याशी अबोला धरलायस, तो आधी सोड. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली, पण पुढे नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळं पाळणारी, असं एका छपराखालीही चाललं. टिळकांची आस्था तुझ्यामाझ्यापेक्षा कमी होती असं कोण म्हणेल?

काकूंकडे मात्र नाताळची वाट बघू नकोस, याच आठवड्यात जा. रिकाम्या हातानं गेलास तरी चालेल. क्षमा माग, आणि त्यांनी पुढे केलेला चहा पिऊन ये.

तुझी,
मावशी