लॅपटॉपवर मोबाइलचं पान का उघडतं?

प्रश्न : माझा पाककृतींचा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे. थीम रिस्पॉन्सिव्ह आहे, पण कॅशिंगचं (तयार पान साठवून पुढच्यांनाही तेच देणारं) प्लगइन टाकल्यापासून लॅपटॉपवर अधूनमधून मोबाइलचा मेनू दिसतो. प्लगइन काढून टाकू का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : काढू नका, त्या बिचाऱ्याचा दोष नाही. खरी रिस्पॉन्सिव्ह थीम सगळ्यांना एकच एचटीएमएल पाठवते. स्क्रीनची रुंदी बघून मांडणी बदलायचं काम ब्राउझरमध्ये सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड, करतं. तिथे कॅश गोंधळ घालत नाही. तुमची थीम मात्र सर्व्हरवरच ‘आलेला पाहुणा फोनवरून आलाय का?’ असं विचारत असणार. कॅश रिकामी असताना पहिला पाहुणा फोनवरून आला, की त्याचं पान साठवलं जातं आणि पुढे लॅपटॉपवाल्यांच्याही ताटात तेच पडतं. मीही यात दोन रात्री घालवल्यात!

थीमच्या फाइलींमध्ये ‘डब्ल्यूपी_इज_मोबाइल’ (wp_is_mobile) हे फंक्शन शोधा. माझ्याकडे ते हेडर.पीएचपीमध्ये सापडलं. ती अट काढून दोन्ही मेनू पानात ठेवले आणि ७६८ पिक्सेलच्या मीडिया क्वेरीने (सीएसएसमधली स्क्रीनच्या रुंदीची अट) एक लपवला. कोडला हात लावायचा नसेल, तर प्लगइनमध्ये मोबाइलसाठी वेगळी कॅश चालू करा. डब्ल्यूपी सुपर कॅशमध्ये त्याला ‘मोबाइल डिव्हाइस सपोर्ट’ म्हणतात. मग जुनी कॅश पुसा. सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर तिथलीही.

तपासताना आधी लॉगआउट करा. लॉगइन केलेल्याला बहुतेक प्लगइन ताजं पान देतात, आणि आपल्याला वाटतं सगळं झकास चाललंय.