ती जळालेल्या जागेवरून हलत नाही

(वाचकांचे प्रश्न)

उन्हाळा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ऑस्ट्रेलियात, त्यातही व्हिक्टोरियात राहणारी आपली मंडळी वणव्याबद्दल विचारू लागतात. २००९ पासून मी वणव्यात होरपळलेल्या कुटुंबांसोबत काम करते आहे, म्हणून ही पत्रं माझ्याकडे येतात. पहिल्या पत्राला आज जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून सारखा ऐकू येतो.

प्रश्न: ताई, ऑफिसमधली माझी जवळची मैत्रीण मेलबर्नच्या ईशान्येला डोंगरात राहते. मागच्या उन्हाळ्यात तिचं घर वणव्यात गेलं. त्याच रस्त्यावरचं एक म्हातारं जोडपं वाचलं नाही. ती आणि तिचा नवरा आता त्याच जागेवर कॅरॅव्हॅनमध्ये राहतात. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. दहादा सांगून झालं, पण ती येत नाही. रडत नाही, गेलेल्यांचं नाव काढत नाही. भेटलं की फक्त कुंपणाबद्दल बोलते. तिच्या मनावर परिणाम झालाय का? तिला तिथून बाहेर कसं काढू?

उत्तर: बाहेर काढू नका. तुमची माया मला कळते, पण आधी हे ऐका.

७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरियात वणवे पेटले, त्या दिवसाला ब्लॅक सॅटर्डे म्हणतात. त्यात १७३ माणसं गेली आणि दोन हजारांहून अधिक घरं जळाली. त्यानंतर मेरीजव्हिल, किंगलेक, फ्लॉवरडेल या गावांजवळ तात्पुरत्या वसाहती उभ्या केल्या, त्या याचसाठी. लोकांना गावाजवळ राहायचं होतं. शहरात नातेवाईकांकडे खोल्या होत्या, पण त्या नातेवाईकांनी ती रात्र पाहिलेली नव्हती. शेजारणीला काही सांगावं लागत नाही, तिला ठाऊक असतं. तुमच्या घरी तुमची मैत्रीण पाहुणी असेल. पाहुणीने नीट वागायचं, जेवायला वेळेवर यायचं, विचारलं की ‘बरी आहे’ म्हणायचं. कॅरॅव्हॅनमध्ये तिला हे काही करावं लागत नाही.

आणि कुंपणाचं म्हणाल, तर मला त्यात वेडेपणा दिसत नाही. कुंपण जळालं की मेंढ्या, गाई रस्त्यावर येतात, शेजाऱ्याच्या रानात शिरतात. ब्लेझएड ही संस्था २००९ च्या आगीनंतर किलमोर ईस्टमध्ये सुरू झाली, ती कुंपणं उभी करण्यासाठीच. अनोळखी स्वयंसेवक येतात, जळक्या तारा गोळा करतात, नवे खांब ठोकतात. मी हे काम चालू असताना बरेचदा तिथे असते. शेतकरी दिवसभर फारसं बोलत नाही, आणि दुपारी चहाच्या वेळी खांबाला टेकून एकदम सांगायला लागतो, की शेजारच्या घरातून फोन आला होता, मी उचलला होता, पण पुढे काही ऐकू आलं नाही. समोरासमोर खुर्ची टाकून विचारलं असतं तर हे त्याच्या तोंडून निघालं नसतं. तुमची मैत्रीण कुंपणाबद्दल बोलते तेव्हा ऐकत राहा. म्हाताऱ्या जोडप्याचा विषय त्याच वाटेने येईल, आणि नाही आला तरी चालेल.

मेलबर्न विद्यापीठाने ब्लॅक सॅटर्डेनंतर ‘बियाँड बुशफायर्स’ नावाचा अभ्यास केला आणि त्या गावांतल्या लोकांचा दहा वर्षं माग ठेवला. बहुतेक माणसं सावरली, पण ज्या गावांना सर्वांत जास्त झळ बसली तिथल्या बऱ्याच जणांना कित्येक वर्षांनंतरही त्रास होत होता. स्थानिक मंडळांशी, गटांशी बांधलेली माणसं मनाने तुलनेत बरी राहिली. आगीनंतर उत्पन्न गेलं किंवा जवळचं नातं तुटलं त्यांचं दुखणं वाढलं. गाव सोडून गेलेलेही होते आणि त्यांचंही काही चुकलं नाही. राहायचं की जायचं हे तिने आणि तिच्या नवऱ्याने ठरवायचं, आणि कदाचित त्या दोघांचंही एकमत नसेल. त्यात तुम्ही तिसरं मत घालू नका.

मग करायचं काय? तुम्ही तिकडे जा. साध्या दिवशी जा, वर्षश्राद्धाची वाट पाहू नका. पहिल्या महिन्यात सगळे येतात, टीव्हीवालेही येतात. सहाव्या महिन्यात कोणी नसतं, आणि विम्याची, परवान्यांची, अनुदानाची कागदपत्रं नेमकी तेव्हा अंगावर येतात. प्रत्येक कचेरीत तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची, त्याच फॉर्मवर जळालेल्या वस्तूंची यादी लिहायची: किती चमचे, किती चादरी, कधी घेतल्या, पावती आहे का. तिच्या शेजारी बसून ती यादी लिहून द्या. एवढं केलंत तरी रिकाम्या खोलीपेक्षा जास्त उपयोग होईल.

दुसरं, तुमच्या फोनमध्ये तिचे फोटो असणार. वाढदिवसाचे, तिच्या घरातल्या जेवणाचे, मागे भिंत दिसणारे. ते काढून ठेवा, छापून घ्या. लगेच हातात ठेवू नका, ‘माझ्याकडे आहेत, हवे तेव्हा सांग’ एवढंच म्हणा. घर जळालेली माणसं मला सर्वांत जास्त कशाबद्दल बोलतात विचाराल तर फोटोंबद्दल. दागिने चाळणीने राख चाळून शोधता येतात, कधी अंगठी सापडतेही. गाडीच्या चाकांचं ॲल्युमिनियम वितळून उतारावरून ओघळतं आणि चकचकीत पट्टा होऊन जमिनीला चिकटलेलं सापडतं. फोटोचं काहीच उरत नाही.

राखेवरून आठवलं, तिकडे जाल तेव्हा साफसफाई पूर्ण झाली आहे का ते विचारा. जुन्या घरांत ॲस्बेस्टॉस असतो, आणि रसायन भरलेल्या हिरवट लाकडाचे खांब जळले की राखेत आर्सेनिक उतरतं. मास्क, हातमोजे, बंद बूट असल्याशिवाय त्या ढिगात पाय घालू नका आणि मुलांना तर नेऊच नका.

एक गोष्ट कृपा करून बोलू नका: ‘बघ, जंगलाला पुन्हा पालवी फुटली, तुझंही सगळं नीट होईल.’ निलगिरीच्या पुष्कळ जातींना काळ्या खोडातून कोंब फुटतात, खरं आहे. पण मेरीजव्हिलच्या डोंगरावर माउंटन ॲश नावाची जी उंचच उंच निलगिरी आहे, ती एवढ्या आगीत मरते. तिच्या बियांतून नवी झाडं येतात, जुनं झाड परत येत नाही. तिथल्या माणसांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

काळजी केव्हा करायची तेही सांगते. रात्र रात्र झोप नाही, दारू वाढली, कॅरॅव्हॅनचं दार उघडत नाही, ‘त्यांच्याऐवजी मी जायला हवी होते’ असं वारंवार निघतं, तर थांबू नका. तिला तिच्या डॉक्टरकडे घेऊन जा. लाइफलाइन या मानसिक आधाराच्या फोनसेवेचा नंबर १३ ११ १४, दिवसरात्र चालू असतो. जगण्याचा कंटाळा आल्याचं ती स्पष्ट बोलली तर तिला एकटी सोडू नका आणि ट्रिपल झीरोला (०००) फोन करा.

प्रश्न: आमच्या मराठी मंडळाने वणवाग्रस्तांसाठी कपडे, भांडी, खेळणी जमवायचं ठरवलं आहे. ट्रकभर सामान होईल. कुठे पाठवू?

उत्तर: मनापासून सांगते, पाठवू नका. २००९ मध्ये व्हिक्टोरियात दानाच्या सामानाचे ४० हजारांहून जास्त पॅलेट, म्हणजे फळ्यांवर रचलेले ढीग, आले. ते ठेवायला गोदामं लागली, निवडायला माणसं लागली, आणि ती माणसं दुसऱ्या कामातून काढावी लागली. ज्या बाईचं सगळं गेलं तिला दुसऱ्याचे वापरलेले कपडे उपसत बसायला लावणं बरं नाही. अधिकृत निधीला पैसे द्या. मंडळाची वार्षिक सहल त्या भागात न्या, तिथल्या दुकानातून विकत घ्या, तिथल्या हॉटेलात जेवा. ज्याचं घर वाचलं पण गिऱ्हाईक गेलं, त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

प्रश्न: आम्ही दोघं सत्तरीचे, भारतातून मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलो आहोत. मुलगी-जावई डँडेनाँगच्या डोंगरात राहतात. जावई म्हणतात, पंप आहे, टाकी आहे, वणवा आला तर आपण घर वाचवू. आधीच घर सोडून पळणं त्यांना पटत नाही. आम्हाला इंग्रजी जेमतेम येतं. काय करावं?

उत्तर: काका, जावईबापूंना हे पान वाचायला द्या.

२००९ पर्यंत सरकारी सल्लाच तसा होता: तयारी करा, आणि एक तर थांबून घर वाचवा किंवा लवकर निघा. त्या शनिवारी मेलबर्नला ४६.४ अंश तापमान होतं आणि उत्तरेकडून सोसाट्याचा वारा होता. किलमोर ईस्टला विजेच्या तारेतून आग लागली आणि जंगलात शिरली. संध्याकाळी वारा नैऋत्येकडून वाहू लागला. थंड वारा आला म्हणून माणसाला हायसं वाटतं, पण त्या वाऱ्याने आगीची लांबलचक बाजू हेच तिचं तोंड झालं. दुसरीकडे पेटलेली मरिंडिंडीची आग त्याच सुमारास मेरीजव्हिलवर चालून आली. १७३ मृतांपैकी ११३ जण घरांत सापडले. त्यात तयारी केलेले, पंप असलेले लोकही होते. वीज गेली की विजेवरचा पंप बंद. ज्वाळा पोचायच्या कितीतरी आधी ठिणग्या पन्हाळीतल्या पाल्यात, कौलांखाली, पायरीखाली शिरतात. चढावर आग जास्त वेगाने धावते, दर दहा अंश चढाला साधारण दुपटीने. तुमचं घर डोंगरावर आहे.

२००९ च्या वणव्यांवरच्या चौकशी आयोगानंतर धोरण बदललं. आता देशभर धोक्याच्या चार पायऱ्या आहेत, सर्वांत वरची कॅटॅस्ट्रॉफिक. त्या दिवशी कोणतंही घर टिकेल असं धरून चालायचं नाही, आदल्या रात्री किंवा सकाळीच निघायचं. धूर दिसल्यावर निघणं म्हणजे उशीर. डोंगरातले रस्ते अरुंद, एखादं झाड पडलं की वाट बंद. २०१९ च्या ३१ डिसेंबरला व्हिक्टोरियातल्या मॅलाकूटा या समुद्रकाठच्या गावात आग शिरली तेव्हा बाहेर जाणारा रस्ता बंद होता, सुमारे चार हजार माणसं समुद्रकाठी गोळा झाली, आणि पुढे नौदलाच्या जहाजाने हजाराहून अधिक लोकांना बाहेर काढलं. तिथे निदान पाणी जवळ होतं.

तुम्ही दोघांनी आपापली औषधं, चष्मे, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदं एका पिशवीत ठेवा, ती दाराशी ठेवा. ‘विकइमर्जन्सी’ हे ॲप मुलीकडून फोनवर घालून घ्या. बॅटरीवरचा रेडिओ हवाच, कारण मोबाइलचे मनोरे बंद पडतात. दुभाष्या लागला तर १३१ ४५० वर फोन करून मराठी किंवा हिंदी मागा. आणि जावयांना शांतपणे सांगा, की तुम्ही थांबलात तर तुमच्यामुळे मुलगीही थांबेल. दुसऱ्या वादात पडू नका.

प्रश्न: माझा आठ वर्षांचा मुलगा शाळेतल्या वणव्याच्या तालमीनंतर गरम वारा सुटला की झोपत नाही. शाळेत हे शिकवणं बंद करायला सांगू का?

उत्तर: नका सांगू. स्ट्रॅथेवन या छोट्या गावात ब्लॅक सॅटर्डेला २७ माणसं गेली, शाळाही जळाली. नव्या शाळेतली मुलं पुढे सीएफएच्या, म्हणजे गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या लोकांसोबत वाऱ्याचा वेग, पाल्याचा ओलेपणा, उतार मोजायला शिकली, मातीच्या बाहुल्यांचे छोटे चित्रपट करून मोठ्यांना शिकवू लागली. मुलाला अर्धवट माहिती जास्त घाबरवते. त्याला घरच्या बेतात काम द्या: कुत्र्याचा पट्टा आणि पाण्याचं भांडं कुठे ठेवायचं ते त्याने ठरवायचं, कुठल्या मावशीकडे जायचं ते त्याला पाठ हवं. सकाळी ॲपवर आजची पायरी त्यालाच पाहू द्या. बहुतेक दिवशी ती खालचीच असते, हे त्याला रोज स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. महिनाभराने झोप सुधारली नाही तर शाळेतल्या समुपदेशकांशी बोला, आणि मला पुन्हा लिहा.