ओकच्या पिंपात आठ लाख घालावेत का?

नमस्कार ताई,

एफडीचे आठ लाख भाच्याच्या मित्राच्या दिंडोरीजवळच्या वायनरीत घालावेत का, असं तुम्ही नौपाड्याहून विचारलंय. चार लाखांचं एक, अशी वाइनने भरलेली ओकच्या लाकडाची दोन पिंपं तुमच्या नावावर आणि तीन वर्षांनी प्रत्येकी सहा लाख हातात. म्हणजे वर्षाला सुमारे साडेचौदा टक्के. माझं मत: घालू नका.

ओकचं नेहमीचं पिंप 225 लिटरचं, म्हणजे 300 बाटल्या. आजच बाटलीमागे 1,333 रुपये पडले, त्यात काच, बूच, एक्साइज धरलेलंच नाही. लाकडातून वाइन सतत थोडी उडत राहते. वर्षाला चार टक्के धरले तर तीन वर्षांनी 265 बाटल्या उरतील आणि सहा लाख उभे करायला बाटलीला सुमारे 2,265 रुपये यावे लागतील, तेही ठोक भावात! गोखले रोडवर एखाद्या वाइन शॉपमध्ये नाशिकच्या रेडच्या किमती स्वतः बघून या.

ही तूट भरून पिंप काठोकाठ ठेवावं लागतं. लोणच्यावरचं तेल कमी झालं की बुरशी धरते, तसं इथे हवा साचली की वाइन व्हिनेगरकडे झुकते. वरून घालायची वाइन कुणाच्या खर्चाने? तळघर उन्हाळ्यात गार ठेवण्याचं वीजबिल कुणाचं? तुम्ही पाठवलेल्या कागदात यातलं काहीच नाही. शिवाय रेड वाइन सहसा सहा महिने ते दोन वर्षंच पिंपात मुरवतात. फार राहिली तर द्राक्षाचा स्वाद दबून लाकूडच पुढे येतं. पिंपही तीन-चार वेळा वापरलं की त्याचा स्वाद उतरतो, त्यामुळे त्याची किंमत वाढत नाही, घटते.

खरी अडचण विक्रीची आहे. परवान्याशिवाय तुम्हाला ही वाइन विकता येणार नाही. म्हणजे माल तुमच्या नावावर, पण व्यवहारात गिऱ्हाईक तो वायनरीवालाच एक. त्याने हात वर केले तर पिंपं कुठे नेणार? तो असेच पैसे अनेकांकडून घेत असेल तर सेबीची, म्हणजे गुंतवणुकींवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी दाखवायला सांगा.

आणि लेकीची एमबीएची फी दोन वर्षांनी भरायची आहे, हे पैसे सुटणार तिसऱ्या वर्षी. आठही लाख फीच्या तारखेआधी संपणाऱ्या एफडीत ठेवा. भाच्याचं मन मोडवत नसेल तर आपल्या शिलकीतून पन्नास हजार द्या, पण हातउसने म्हणून, परतफेडीची तारीख स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊन.