न मागता, खुशीने दिलं तर तो भ्रष्टाचार कसा?

"साहेबांनी मागितलं नव्हतं, काम झाल्यावर मीच खुशीने दिलं. मग याला भ्रष्टाचार का म्हणायचं?" असा तुमचा प्रश्न. आमचे दाजी अगदी हेच म्हणतात, म्हणून लिहायला बसलो.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची वारसनोंद करायची होती. अर्ज, मृत्यूचा दाखला, शपथपत्र सगळं दिलं. नोटीस लागली, हरकतीचे 15 दिवस उलटले, हरकत कुणाचीच नाही. तरी फेरफार मंजूर होईना. तोंडाने पैसे कुणी मागितले नाहीत हे खरं. विचारायला गेलं की आमचे कागद गठ्ठ्यातून वर काढायचे, चाळायचे आणि परत तळाशी सारायचे. "सर्व्हर डाऊन आहे, बघू." मी लेखी स्मरणपत्र देऊन पोच घेतली. नोंदीत ताईचंही नाव लागणार होतं, त्यामुळे दाजींना घाई. ते परस्पर पाकीट देऊन आले आणि नोंद झाली. वर आम्हा भावांकडे त्या पाकिटाचा हिस्सा मागितला! मी दिला नाही. "लाच कसली, माणसाची कदर केली," हे त्यांचं पालुपद अजून चालू आहे. काम अडलेलं असतानाच बरी सुचते कदर.

1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाने मागायलाच हवं असं नाही. कामासाठी नुसतं स्वीकारलं तरी गुन्हा. पैसेच हवेत असंही नाही. आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही थेट गुन्हेगार, 7 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. बळजबरीने द्यावं लागलं असेल तर 7 दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं की सुटका आहे. दाजींनी कळवलं नाही, उलट लग्नाकार्यात फुशारकी मारली.

काम अडलं तर लेखी द्या, पोच घ्या. सेवा अधिसूचित असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करा. पैसे मागितले तर देण्याआधीच 1064 ला फोन करा, लाचलुचपतवाले सापळा लावतात. दवाखान्यात माणूस तडफडत असताना ज्याने दिले, त्याला मी दाजींच्या रांगेत बसवत नाही. दोन खासगी कंपन्यांच्या माणसांमधली देवाणघेवाणही या कायद्यात बसत नाही, ते वेगळं प्रकरण. पण धडधाकट माणसाने घाईपोटी पाकीट द्यायचं आणि पोच घेणाऱ्या मेहुण्याला भाबडा ठरवायचं, याला तुम्ही खुशी म्हणा, मी म्हणणार नाही.